सूर आणि लय यांची गाठ

गाणे म्हटले की त्यात दोन गोष्टी आल्याच: सूर आणि लय. सूर म्हणजे आवाजाची उंची व लय म्हणजे त्याची गती. गवई सुराला चुकला, तर तो बेसूर झाला असे आपण म्हणतो; तालाला चुकला, तर बेताल झाला असे म्हणतो. मैफलीत झालेली अशी चूक क्षणात हवेत विरून जाते. ध्वनिमुद्रणात मात्र ती कायमची राहते. ते मुद्रण जितक्या वेळा वाजवावे, तितक्या वेळा तीच चूक त्याच जागी ऐकू येते. म्हणून ध्वनिमुद्रणाची कला जन्मास आल्यापासून एक प्रश्न संगीतकारांच्या मनात घोळत आला आहे. एकदा मुद्रित झालेला सूर वरखाली करता येईल काय? निसटलेला ठेका पुन्हा मात्रेवर आणून बसविता येईल काय?

आज संगणकाच्या साहाय्याने हे सहज करता येते. ते कसे करतात आणि ते करताना कोणता विवेक बाळगावा लागतो, हे या पाठात पाहू.

ध्वनिमुद्रण करून ते पुन्हा ऐकविणारे यंत्र थॉमस एडिसन याने १८७७ साली तयार केले. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्ता येथे आरंभ झाला आणि गौहर जान या प्रसिद्ध गायिकेच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या काळी गायकाने एका मोठ्या कर्ण्यासमोर गावे, त्या आवाजाने पातळ पडदा थरथरावा आणि पडद्याला जोडलेल्या सुईने फिरत्या मेणाच्या तबकडीवर खाच कोरावी, अशी रीत होती. तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. एकदा कोरलेली खाच बुजविता येत नसे. शेवटच्या ओळीत सूर ढळला, तरी ती तबकडी बाजूस सारावयाची आणि पहिल्यापासून गावयाचे, एवढाच उपाय होता.

१९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्यातील गाणी चित्रीकरण चालू असतानाच गायिली गेली. वादक कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून साथ करीत. पुढे पार्श्वगायन रूढ झाले, तरी कित्येक वर्षे गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी मुद्रित होत असत. कोणा एका वादकाचा हात चुकला की सर्वांनी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे गाणे मुद्रित होण्यापूर्वी त्याची कसून तालीम होई.

जुन्या ध्वनिमुद्रिकेची एक गंमत आहे. ती मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेत असे. तिचा वेग वाढविला, तर गाणे लवकर संपेच. पण त्याबरोबर गायकाचा आवाजही वर चढे. वेग कमी केला, तर गाणे रेंगाळे आणि आवाज खाली उतरे. असे का होते? आवाज म्हणजे हवेतील कंपने होत. समजा, गायकाचा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. तबकडी दुप्पट वेगाने फिरविली, की तीच कंपने अर्ध्या सेकंदात उरकतात. म्हणजे सेकंदाला ४८० होतात आणि आपल्याला तार षड्ज ऐकू येतो. लय बदलली की सूर बदलणार आणि सूर बदलला की लय बदलणार, अशी ही पक्की गाठ होती. ती सुटावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात चुंबकीय ध्वनिफीत आली. तिच्यामुळे एक नवी सोय झाली. फीत सेकंदाला १५ इंच या वेगाने धावत असे. म्हणजे एका सेकंदाचा आवाज १५ इंच लांबीच्या फितीवर पसरलेला असे. चुकलेला भाग धारदार पात्याने कापून काढावा आणि दुसऱ्या मुद्रणातील बरोबर भाग तेथे चिकटवावा, हे काम कुशल तंत्रज्ञ करीत. पुढे एकाच फितीवर अनेक आवाज निरनिराळ्या पट्ट्यांत मुद्रित करणारी यंत्रे निघाली. अशा पट्टीला ट्रॅक म्हणतात. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल याने १९५७ साली आठ ट्रॅकचे यंत्र आपल्या घरच्या मुद्रणगृहात आणविले. वेणी घालण्यापूर्वी केसांचे पेड जसे वेगळे असतात, तसे गायन, गिटार, ढोल हे आवाज आता वेगळे राहू लागले. एक पेड बिघडला, तर तेवढाच पुन्हा मुद्रित करता येऊ लागला.

तरी सूर आणि लय यांची गाठ तशीच होती. इंग्लंडमधील बीटल्स या गायकसंचाचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ हे गाणे याची साक्ष देते. १९६६ साली त्याची दोन निराळी मुद्रणे झाली. एक संथ होते, दुसरे जलद. आणि दोहोंची पट्टीही वेगळी होती. जॉन लेनन याला एकाचा आरंभ आवडला व दुसऱ्याचा शेवट. ती दोन्ही जोडावीत, असे त्याने निर्माते जॉर्ज मार्टिन यांना सुचविले. सुदैवाने जलद मुद्रणच वरच्या पट्टीत होते. त्याचा वेग कमी करताच सूरही खाली आला आणि दोन्ही तुकडे जुळले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या गाण्यात सुमारे एका मिनिटानंतर तो सांधा आहे. परंतु जलद मुद्रण खालच्या पट्टीत असते, तर काय झाले असते? लय जुळवावी तर सूर अधिकच खाली गेला असता आणि सूर जुळवावा तर लय अधिकच वाढली असती. अशा वेळी कुशल तंत्रज्ञाचेही हात टेकले असते.

ही गाठ सोडविण्याचे खरे सामर्थ्य आले ते आवाजाचे आकडे करता येऊ लागल्यावर. संगणकाला आवाज समजत नाही, आकडे समजतात. म्हणून मायक्रोफोनकडून आलेल्या कंपनांची उंची सेकंदात हजारो वेळा मोजतात आणि ते आकडे ओळीने साठवितात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा करण्याचे ठरले. गाणे असे आकड्यांत मांडले की त्याच्यावर गणित करता येते.

आता गाण्याची पट्टी न बदलता त्याची लांबी वाढवावयाची आहे, असे समजा. संगणक आवाजाचे अगदी छोटे तुकडे करतो. एकेक तुकडा सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा. छपरावर कौले जशी एकमेकांवर थोडी चढवून बसवितात, तसे हे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून मांडतात. मधूनमधून एखादा तुकडा पुन्हा घेतला की आवाज लांबतो. एखादा गाळला की आखूड होतो. तुकड्याच्या आतील कंपने जशीच्या तशी राहिल्याने सूर मात्र बदलत नाही. अशा रीतीने लय सुरापासून वेगळी झाली.

सूर बदलण्याची युक्ती तर याहून मौजेची आहे. आवाज एक सप्तक वर न्यावयाचा असेल, तर प्रथम वरील रीतीने तो दुप्पट लांब करावा आणि मग दुप्पट वेगाने वाजवावा. वेगामुळे सूर वर चढतो आणि लांबविलेला काळ पुन्हा पहिल्याएवढा होतो. परंतु एवढ्याने भागत नाही. प्रत्येक माणसाच्या घशाची व तोंडाची पोकळी त्याच्या आवाजाला विशिष्ट घडण देते. माणूस वरच्या सुरात गाऊ लागला, म्हणून त्याचे तोंड काही लहान होत नाही. नुसता वेग वाढविला, तर सुराबरोबर ही घडणही वर सरकते आणि मोठ्या माणसाचा आवाज चिमुकल्या प्राण्यासारखा चिरका होतो. म्हणून चांगले सॉफ्टवेअर सूर हलविते आणि आवाजाची घडण होती तेथे ठेवते.

सूर बदलण्यापूर्वी तो कोणता आहे, हे संगणकाला ओळखावे लागते. सेकंदाला ४४१ कंपनांचा सूर घ्या. ४४,१०० ला ४४१ ने भागले की एका कंपनाच्या वाट्याला बरोबर १०० आकडे येतात. म्हणजे दर १०० आकड्यांनंतर तीच नक्षी पुन्हा येते. आकड्यांच्या यादीची एक प्रत मूळ यादीखाली ठेवून हळूहळू सरकवीत गेले, की १०० घरे सरकल्यावर दोन्ही नक्ष्या जुळतात. त्यावरून सूर ४४१ कंपनांचा, हे कळते. अमेरिकेतील अँडी हिल्डब्रँड यांनी या तत्त्वाचा उपयोग करून १९९७ साली ‘ऑटो-ट्यून’ हे सॉफ्टवेअर काढले. त्यापूर्वी ते भूगर्भातील तेलाचा शोध घेण्याच्या कामी ध्वनिलहरींचे गणित करीत असत. जमिनीच्या थरांवरून परतणाऱ्या लहरींसाठी वापरलेले गणित गायकाचा सूर शोधण्याच्या कामी आले.

२००१ साली जर्मनीतील म्युनिक येथील पीटर नॉयबेकर यांचे ‘मेलोडाइन’ हे सॉफ्टवेअर लोकांसमोर आले. त्यात गायिलेला प्रत्येक स्वर पडद्यावर एका फुगीर ठिपक्याच्या रूपाने दिसतो. ठिपका जितका वर, तितका सूर उंच. जितका उजवीकडे, तितका तो स्वर उशिराचा. ठिपका धरून वर-खाली सरकविला की सूर बदलतो आणि डावी-उजवीकडे सरकविला की वेळ बदलते. १८७७ पासूनची गाठ येथे पूर्णपणे सुटलेली दिसते.

तालाची दुरुस्ती कशी करतात, तेही पाहू. तीनतालाची लय मिनिटाला १२० मात्रांची आहे, असे धरा. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, अर्थात ५०० मिलिसेकंदांची झाली आणि सोळा मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांत पुरे झाले. संगणकाच्या पडद्यावर दर ५०० मिलिसेकंदांवर एक उभी रेषा आखलेली असते. तबल्याची पाचवी मात्रा आरंभापासून बरोबर २,००० मिलिसेकंदांवर पडावयास हवी. ती २,०४० वर पडली आहे. तंत्रज्ञ आघाताच्या अगदी आरंभी छेद देतो, तो बोल ४० मिलिसेकंद मागे ओढतो आणि मोकळ्या झालेल्या जागी आधीचा आवाज हळूच विरवून पुढचा आवाज चढवितो, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. छेद नेमका आघातापूर्वीच द्यावा लागतो. आघाताचा तुकडा चुकून दोनदा आला, तर एका ‘धा’चे दोन ‘धा’ होतात! सर्व बोल एकदम रेषांवर बसविण्याचीही सोय असते. तेथे प्रमाणही ठरविता येते. पन्नास टक्के म्हटले, तर ४० मिलिसेकंद उशिरा पडलेला बोल २० मिलिसेकंदच मागे येतो. फितीवर पाते चालविले की फीत कापलीच जाई. संगणकात मूळ मुद्रण सुरक्षित राहते आणि केलेला बदल केव्हाही मागे घेता येतो.

इतके सारे साधल्यावर मनात येते, की मग प्रत्येक स्वर आणि प्रत्येक ठोका रेषेवर बसवून टाकावा. गाणे निर्दोष होईल. येथेच खरी मेख आहे. यंत्र अंतर मोजू शकते. परंतु ते अंतर चूक आहे की कला, हे यंत्राला ठरविता येत नाही.

शुद्ध गांधाराचे उदाहरण घ्या. षड्ज २४० कंपनांचा असेल, तर तानपुऱ्याच्या तारेत आपोआप उमटणारा गांधार त्याच्या सव्वापटीच्या प्रमाणात, म्हणजे ३०० कंपनांचा असतो. गायक तानपुरा ऐकत त्याच्याशीच आपला गांधार मिळवितो. हार्मोनियमसारख्या वाद्यांत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि त्या हिशेबाने गांधार सुमारे ३०२.४ कंपनांचा होतो. सॉफ्टवेअरला हे बारा भागच प्रमाण म्हणून दिले, तर गायकाचा मिळालेला गांधार त्याला उतरलेला वाटेल आणि ते तो वर ओढील. चूक दुरुस्त होण्याऐवजी नसलेली चूक निर्माण होईल.

आपल्या संगीतात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे, म्हणजे मींड, हे मोठे सौंदर्य मानले जाते. दरबारी कानडा या रागातील कोमल गांधार तर एका जागी स्थिर राहतच नाही. तो आंदोलित असतो. बारा घरांची शिस्त लावली, की मींडेच्या पायऱ्या होतात आणि आंदोलन नाहीसे होते. हा वाद नवा नाही. हार्मोनियमवर मींड काढता येत नाही व तिचे स्वर ठरीव असतात, असा आक्षेप पूर्वीपासून होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली त्या वाद्यावर बंदी घातली आणि ती १९७१ साली शिथिल झाली. हार्मोनियमने गायकाच्या शेजारी बसून आपला सूर पुढे केला. संगणक तर गायकाच्या कंठातील सूरच बदलू शकतो. म्हणून येथे अधिक सावधगिरी हवी. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते स्वर प्रमाण मानावेत, हे आपण ठरवू शकतो. मींड तशीच ठेवून केवळ घसरलेला एखादा स्वर जागेवर आणता येतो. ही सोय वापरणाऱ्याला रागाचे ज्ञान मात्र असावे लागते.

लयीचेही तसेच आहे. ख्यालगायनात लय हळूहळू वाढत जाते. सर्व ठोके समान अंतराच्या रेषांवर बसविले, तर ही वाढच नष्ट होईल. अशा वेळी गायन रेषांवर न बसविता रेषाच गायनाप्रमाणे आखाव्या लागतात. समूहगीताचा विचार करा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे दहा मीटर दूर उभ्या असलेल्या मुलाचा आवाज आपल्यापर्यंत सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. शिवाय तीस मुलांचे तीस सूर केसाएवढ्या फरकाचे असतात. या बारीक फरकांमुळेच समूहाचा आवाज भरदार वाटतो. सर्वांचे आवाज काटेकोर एकसारखे केले, तर तीस मुले गात आहेत असे वाटण्याऐवजी एकच मुलगा मोठ्याने गात आहे, असा भास होऊ लागतो.

कधीकधी यंत्राचा हा काटेकोरपणाच मुद्दाम वापरला जातो. अमेरिकन गायिका शेर हिच्या १९९८ सालच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात दुरुस्तीचा वेग इतका वाढविला आहे, की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर झटक्याने उडी मारतो. हा परिणाम जगभर गाजला. तेथे कोणी दोष झाकीत नव्हते; श्रोत्यांना तो खेळ उघड ऐकू येत होता. परंतु ज्याने रियाझ केलाच नाही, त्याचे बेसूर गाणे गुपचूप सुरेल करून ते त्याचेच कसब म्हणून श्रोत्यांपुढे ठेवणे, ही वेगळी गोष्ट आहे. तीत श्रोत्याची फसवणूक होते आणि गाणाऱ्याचेही अहित होते; कारण आपण कोठे चुकतो, हे त्याला कधीच कळत नाही.

म्हणून जाणते तंत्रज्ञ काही नियम पाळतात. प्रथम गाणे पडद्याकडे न पाहता, डोळे मिटून ऐकावे. ज्या जागी कान अडखळेल, तेवढीच जागा टिपून ठेवावी. गायक पुन्हा गाऊ शकत असेल, तर त्याच्याकडून ती ओळ पुन्हा गाऊन घ्यावी. ते शक्य नसेल आणि बाकीची ओळ भावपूर्ण उतरली असेल, तर चुकलेला एकच स्वर हलक्या हाताने जागेवर आणावा. शेवटी पुन्हा डोळे मिटून संपूर्ण गाणे ऐकावे. पडद्यावरील वाकडी रेषा कानाला गोड लागत असेल, तर ती वाकडीच राहू द्यावी.

सूर आणि लय यांची गाठ सोडविण्यास माणसाला शतकभर खटपट करावी लागली. आता ती सोडविण्याचे साधन घरोघरीच्या संगणकावर येऊन पोहोचले आहे. मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी आपल्या शाळेचे गीत मुद्रित करील आणि त्यातील एखादा स्वर सरकविण्यासाठी हात पुढे करील. त्या वेळी तो स्वर सरकवावा की नाही, हे तुम्हांला संगणक सांगणार नाही. पुष्कळ ऐकून तयार झालेला तुमचा कानच ते सांगेल.

स्वाध्याय

१. तबकडीचा वेग वाढविला असता गायकाचा आवाज वर का चढतो?
२. ‘वेणी’ आणि ‘कौले’ या उपमा लेखकाने कोणत्या गोष्टी समजावून देण्यासाठी योजिल्या आहेत?
३. लय मिनिटाला ६० मात्रांची असेल, तर तीनतालाचे एक आवर्तन किती सेकंदांत पुरे होईल?
४. शुद्ध गांधाराच्या उदाहरणावरून लेखकास काय सुचवावयाचे आहे?
५. ‘यंत्राने दुरुस्त केलेले गाणे हे गायकाचेच गाणे होय काय?’ या प्रश्नावर तुमचे मत दहा ओळींत लिहा.